एकखोली शाळेचे जतन : इमारत हलवावी की जागेवरच राखावी?

प्रश्न – माळरान

नमस्कार. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका ग्रामीण काउंटीत मी बरीच वर्षे राहत आहे आणि तेथील इतिहास मंडळाच्या कामाला सुटीच्या दिवशी हातभार लावतो. मंडळाच्या पदरी अलीकडेच एक एकखोली शाळा आली आहे. पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी मुले एकाच खोलीत, एकाच शिक्षिकेपुढे बसत, अशा ज्या शाळा या भागात दर दोन-तीन मैलांवर होत्या, त्यांपैकी ही एक. दारावरच्या दगडात १८८४ हे साल आणि शाळेचा क्रमांक कोरलेला आहे. शेवटचा वर्ग १९५० च्या दशकात भरला. त्यानंतर काही वर्षे तेथे मतदान होत असे आणि पुढे शेजारच्या शेतकऱ्याने धान्य साठवण्यासाठी ती वापरली.

भिंती विटांच्या आहेत, छपराला मधोमध पोक आला आहे आणि धुराड्याच्या बुंध्याशी गळती आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणा कंत्राटदाराने दक्षिणेकडच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरून दिल्या होत्या आणि आता नेमक्या त्याच भिंतीच्या विटांचे पापुद्रे सुटू लागले आहेत. आत मात्र पुष्कळ काही टिकून आहे. फळा म्हणजे भिंतीवर ठोकलेल्या, काळा रंग दिलेल्या लाकडी फळ्या आहेत. शेगडीचे नळकांडे जेथून जाई ते भोक पत्र्याच्या झाकणाने बंद केलेले आहे. आणि बाकांचे बिडाचे पाय ज्या स्क्रूंनी जमिनीला जखडलेले असत, त्यांची छिद्रे अजून ओळीने दिसतात.

मंडळात दोन तट पडले आहेत. एका गटाला ही इमारत उचलून अकरा मैलांवरच्या काउंटी संग्रहालयाच्या आवारात न्यायची आहे, कारण तेथे वीज आहे, पाणी आहे आणि माणसेही येतात. दुसऱ्या गटाला ती शेताच्या कोपऱ्यावर, आहे तेथेच हवी आहे. माझे तीन प्रश्न आहेत. शाळेचा इतिहास कोणत्या कागदपत्रांतून शोधावा? इमारत हलवल्यास नेमके काय गमावते? आणि दुरुस्ती करताना ती कोणत्या सालातली दिसावी, असे धरून चालावे?

उत्तर १ – जुनी नोंदवही

तुमचा पहिला प्रश्न सर्वांत सोपा वाटतो, पण गुंतागुंत त्यातच अधिक आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

या शाळांची मुळे १७८५ च्या जमीन अध्यादेशात आहेत. त्या अध्यादेशाने पश्चिमेकडची जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा टाउनशिपांत आखली, प्रत्येक टाउनशिपचे एक चौरस मैलाचे ३६ तुकडे केले आणि त्यांतला सोळावा तुकडा सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवला. पुढे १८४८ मध्ये ऑरेगॉनचा प्रदेश संघटित करताना सोळाव्याच्या जोडीला छत्तिसावा तुकडाही दिला गेला. यावरून ‘शाळा सोळाव्या तुकड्यावरच असणार’ असा समज पुष्कळांचा होतो आणि तेथेच शोध चुकतो. राखीव तुकड्याची जमीन बहुधा विकली किंवा खंडाने दिली जाई आणि तिचे उत्पन्न शाळांच्या निधीत जमा होई. प्रत्यक्ष शाळा मात्र मुलांना पायी गाठता येईल अशा ठिकाणी, एखाद्या शेतकऱ्याने दिलेल्या एकर-अर्ध्या एकराच्या कोपऱ्यावर उभी राही. येथे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपण समजतो तसा जिल्हा नव्हे, तर एका शाळेपुरता आखलेला काही चौरस मैलांचा टापू. त्याचे निवडून आलेले तिघे-चौघे शेतकरी शिक्षिका नेमत, सरपण विकत घेत आणि करही ठरवत.

म्हणून सर्वांत आधी काउंटीच्या कचेरीत जाऊन मूळ खरेदीखत किंवा दानपत्र काढा. ही सूचना केवळ इतिहासासाठी नाही. अशा अनेक दस्तांत ‘शाळा बंद पडल्यास जमीन मूळ शेताकडे परत जाईल’ अशी अट असते. तुमच्या मंडळाला इमारत मिळाली, पण तिच्याखालची जमीन मिळाली आहे की नाही, हे तो कागदच सांगेल. हलवावी की राखावी या वादात दोन वर्षे घालवून मग ही अट सापडलेली मंडळे मी पाहिली आहेत.

त्यानंतर काउंटीच्या शिक्षण अधीक्षकाचे वार्षिक अहवाल पाहा. ती कचेरी आता अस्तित्वात नसेल, पण तिचे कागद काउंटी क्लार्ककडे, राज्य अभिलेखागारात किंवा तुमच्याच मंडळाच्या माळ्यावरच्या खोक्यांत असू शकतात. शिक्षिकेचे हजेरीपट आणि टापूच्या चिटणिसाची इतिवृत्ताची वही या दोन गोष्टी मिळाल्या, तर निम्मे काम झाले म्हणून समजा. इतिवृत्तात ‘नवी शेगडी घेतली’, ‘उत्तरेची खिडकी बंद केली’ अशा एकेका ओळीच्या नोंदी असतात आणि इमारतीचे वय ठरवायला त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही. काउंटीच्या जुन्या छापील नकाशांत प्रत्येक शाळा खुणेने दाखवलेली असते, तीही ताडून पाहा.

शिक्षिकांचा माग काढायचा असेल, तर जनगणनेचे तक्ते चाळावेत. शिक्षिका बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहत असे आणि त्या कुटुंबाच्या नोंदीखाली ‘बोर्डर’, म्हणजे पैसे देऊन राहणारी, म्हणून तिचे नाव व पुढे शिक्षिका हा व्यवसाय लिहिलेला सापडतो. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत नष्ट झाले, त्यामुळे १८८० वरून थेट १९०० वर उडी मारावी लागते. १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली आहे, म्हणजे तुमच्या शाळेची शेवटच्या काळातली शिक्षिकाही त्यात सापडण्याची आशा आहे. याशिवाय, १९०० च्या आगेमागे शिक्षिका सत्राच्या अखेरीस मुलांना एक छापील स्मरणपत्रिका देत. तिच्यावर शाळेचे नाव, शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या सभासदांची नावे आणि त्या वर्षीच्या सगळ्या मुलांची यादी असे. अशा पत्रिका जुन्या घरांतील बायबलमध्ये दडलेल्या असतात. वृत्तपत्रातून आवाहन केल्यास दोन-चार नक्की बाहेर येतील.

उत्तर २ – चुनाभट्टी

मी स्थापत्य अभियंता असून माझ्या कामाचा मोठा भाग जुन्या विटकामाचा आहे, म्हणून कागदपत्रे सोडून भिंतीविषयी लिहितो.

दक्षिणेच्या भिंतीचे जे झाले, ते त्या कंत्राटदाराने दुष्टपणे केलेले नसून नेहमीच्या सवयीने केलेले आहे, पण परिणाम तोच. १८८४ सालच्या ग्रामीण इमारतीच्या दर्जा बहुधा चुना आणि वाळूच्या असतात. चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेले पाणी दर्जांमधून बाहेर पडते आणि थंडी-उन्हाने भिंत हलली तर ते हलणे चुना सोसतो. त्याच्या जागी कडक सिमेंट बसवले की पाण्याची वाट बंद होते. मग पाणी विटेतूनच बाहेर येऊ पाहते, हिवाळ्यात विटेच्या आत गोठून फुगते आणि विटेचा भाजून घट्ट झालेला दर्शनी भाग ढलपीसारखा सुटतो. एकदा ती भाजणीची कातडी गेली की आतला भाग भुसभुशीत असतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा करता येत नाही. दर्जा हा भिंतीतला बळी जाण्यासाठी ठेवलेला भाग आहे. पन्नास-शंभर वर्षांनी तो पुन्हा भरायचाच असतो. वीट मात्र बदलायची नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने जतनाविषयी छोट्या पुस्तिकांची एक माला काढली आहे. तिच्यातील दुसऱ्या क्रमांकाची पुस्तिका केवळ दर्जा भरण्यावर आहे आणि ती मंडळातील प्रत्येकाने वाचावी असे मला वाटते. तिचा गाभा एवढाच की नवा मसाला विटेपेक्षा मऊ असावा, जुन्या मसाल्याशी रंगाने व वाळूच्या कणांनी जुळावा आणि दर्ज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत मोकळी करूनच भरावी. जुन्या मसाल्याचा एक खडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि खाली वाळू उरते. ती वाळू हाताच्या तळव्यावर घेऊन तुमच्या नदीकाठच्या वाळूशी जुळवून पाहता येते. सिमेंट काढताना चक्रीचे यंत्र उभ्या दर्जांवर चालवू देऊ नका, कारण उभी दर्ज आखूड असते आणि यंत्र हमखास वरच्या-खालच्या विटेत घुसते. छिन्नी-हातोडीने वेळ लागेल, तो लागू द्या. जेथे सिमेंट इतके घट्ट चिकटले आहे की काढताना विटेच्या कडाच उडतील, तेथे ते तूर्त तसेच राहू द्यावे. भिंतीवर वाळूचा मारा करून ती ‘स्वच्छ’ करण्याचा प्रस्ताव कोणी आणलाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. याच मालेतील सहावी पुस्तिका त्या मार्‍याच्या दुष्परिणामांसाठीच लिहिलेली आहे.

तरीही भिंतीआधी छप्पर. आढ्याला पोक आला आहे, याचा अर्थ वासे भिंतींना बाहेर रेटत असण्याची शक्यता आहे. भिंतीच्या वरच्या टोकाला ओळंबा लावून पाहा. धुराड्याच्या बुंध्याशी गळती आहे म्हणजे तेथील तुळई कुजली असेल. टोकदार दाभण टोचून पाहा, सहज रुतले तर लाकूड गेले आहे. आणि पाणी जोत्यापासून दूर जाते का, हेही पावसात उभे राहून डोळ्यांनी बघा. आतल्या जुन्या रंगात शिसे असणार हे गृहीत धरा. घरांसाठी अशा रंगाची विक्री १९७८ मध्येच बंद झाली, तेव्हा कोरडे घासकाम करू नका.

आता एक आग्रहाची विनंती. जमिनीला रंधा किंवा घासयंत्र लावू नका. ती स्क्रूंची छिद्रे हा तुमच्या शाळेचा सर्वांत बोलका दस्त आहे. त्यांची अंतरे मोजून कागदावर मांडा. पुढच्या ओळींतली छिद्रे जवळजवळ असतील आणि मागे जाल तशी ती लांब होत जातील, कारण लहान बाक पुढे आणि मोठे मागे असत. या मापांवरून किती मुले बसत होती, बाक एकटे होते की जोडीचे, हे सांगता येते. बाकांच्या पायांपाशी फळ्या जेथे खोलगट झिजल्या आहेत, तेथे मुलांचे बूट घासत होते.

उत्तर ३ – पाटी-पेन्सिल

एक जोड-प्रश्न विचारतो, विषय सोडून नाही. मोठ्या मुलांनी लहान मुलांचे पाठ घ्यायचे ही जी पद्धत या एकखोली शाळांत दिसते, ती मद्रासहून आली असे मी वाचले होते. अँड्र्यू बेल यांनी तेथील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये त्या पद्धतीचा अहवाल छापला, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतील या शाळांशी त्याचा खरोखर संबंध आहे का?

उत्तर ४ – जुनी नोंदवही

संबंध आहे, पण तो लांबचा. बेल आणि त्यांच्याच काळातले इंग्रज शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांची पद्धत न्यूयॉर्कसारख्या शहरांत, एका दालनात शेकडो मुले बसवण्यासाठी रुजली आणि तेथे ती लष्करी कवायतीसारखी चालत असे. माळरानावरच्या शाळेत वीस-पंचवीस मुले आणि आठ इयत्ता असत. शिक्षिका एका गटाला पुढच्या लांब बाकावर बोलावून दहा मिनिटे पाठ म्हणवून घेई, तेवढ्यात बाकीची मुले आपापल्या पाटीवर काम करत आणि एखादी सातवीची मुलगी पहिलीच्या मुलांना अक्षरे ओळखायला शिकवत असे. ही गरजेतून आलेली व्यवस्था होती. लहान मूल पुढच्या बाकावरचा वरच्या इयत्तेचा पाठ रोज कानावर घेत असे, हा त्यातला आणखी एक फायदा. पुष्कळांनी आपले शिक्षण असेच अर्धे कानाने झाल्याचे सांगितले आहे.

उत्तर ५ – कुंपणापलीकडे

हलवण्याच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून आधी हलवण्याची बाजू थोडी मांडतो आणि मग माझे मत सांगतो.

मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड लहानपणी ज्या स्कॉच सेटलमेंट शाळेत शिकले, ती १८६१ मधली इमारत त्यांनी डिअरबॉर्न येथील ग्रीनफील्ड व्हिलेज या आपल्या खुल्या संग्रहालयात हलवली आणि १९२९ मध्ये तिच्यात पुन्हा वर्ग सुरू केला. हलवली नसती, तर ती शहराच्या वाढीत गिळली गेली असती. तेव्हा हलवणे हे नेहमीच पाप नसते. जागाच जाणार असेल, तर तो शेवटचा उपाय आहे. पण तुमच्या पत्रात जागेला धोका असल्याचे काही दिसत नाही. संग्रहालयात वीज-पाणी आहे एवढेच कारण आहे, आणि तेवढ्यासाठी विटांची इमारत अकरा मैल नेणे म्हणजे तिच्या भिंतींची सत्त्वपरीक्षा घेणे होय. शिवाय राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत हलवलेल्या इमारतींना सामान्यतः जागा मिळत नाही. अपवाद आहेत, पण ते सिद्ध करावे लागतात. ही नोंद झाल्याने मालकावर बंधन येते अशी भीती काही जण घालतात. मालक स्वतःचे पैसे खर्च करत असेल, तर केवळ नोंदीमुळे त्याच्यावर बंधन येत नाही, हेही मंडळात स्पष्ट सांगा.

एकखोली शाळेचा अर्थच तिच्या जागेत आहे. नेब्रास्कात बिअट्रिसजवळ फ्रीमन शाळा आहे. १८७२ मध्ये बांधलेली ही विटांची शाळा १९६७ पर्यंत चालू होती आणि ती आता तेथील होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. जवळच डॅनियल फ्रीमन यांची जमीन होती. या शाळेतील शिक्षिका वर्गात बायबल वाचते म्हणून त्यांनी आक्षेप घेतला, तो वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०२ मध्ये निकाल फ्रीमन यांच्या बाजूने लागला. शेत, शेतकरी आणि शाळा एका नजरेच्या टप्प्यात दिसतात, म्हणून तो खटला तेथे उभे राहिल्यावर कळतो. कॅन्ससमध्ये टॉलग्रास प्रेअरी राखीव क्षेत्रातील लोअर फॉक्स क्रीक शाळा १८८२ मधली, चुनखडीच्या दगडाची. टेकाडावर एकटी उभी असलेली ती इमारत कोणत्याही आवारात नेऊन ठेवली, तर केवळ एक देखणी खोली उरेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कोणते साल धरायचे. माझ्या मते १८८४ धरणे ही चूक ठरेल. या शाळा ७०-७० वर्षे चालल्या आणि त्या काळात बदलत गेल्या. १९१७-१८ च्या सुमारास देशात अशा एकशिक्षकी शाळा १,९०,००० च्या वर होत्या. १९२९-३० मध्ये सुमारे १,४९,०००, १९४९-५० मध्ये सुमारे ६०,०००, १९५९-६० मध्ये २०,००० आणि १९६९-७० मध्ये जेमतेम १,८०० उरल्या. रस्ते सुधारले, बस आली, मुले गावातल्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. मुलांच्या वाहतुकीवर सरकारी पैसा खर्च करायला मॅसॅच्युसेट्सने १८६९ मध्येच परवानगी दिली होती, तीच वाट पुढे सर्वांनी धरली. तुमची शाळा १९५० च्या दशकापर्यंत टिकली, म्हणजे ती या ओहोटीच्या अगदी शेवटपर्यंत उभी राहिली. तिच्यावरचा बदलांचा थर खरवडून काढला, तर तिच्या आयुष्यातला सर्वांत नाट्यमय भागच पुसला जाईल. खिडक्या नीट पाहा. जुन्या शाळांत त्या दोन्ही बाजूंना असत. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यांच्या शिक्षण खात्यांनी आग्रह धरला की प्रकाश मुलांच्या डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली कागदावर पडणार नाही. त्यामुळे अनेक शाळांनी उजवीकडच्या खिडक्या बुजवल्या. डावखुऱ्यांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता, हे ओघाने आलेच.

आणि एक गोष्ट मंडळाने प्रदर्शनाचा मजकूर लिहिताना विसरू नये. ‘एकखोली शाळा म्हणजे सर्वांसाठी शाळा’ असे वाक्य सरसकट लिहिले जाते. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा उभ्या करायला कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि दानशूर उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांना १९१२ पासून वेगळी मोहीम चालवावी लागली. १९३२ पर्यंत १५ राज्यांत सुमारे ५,००० शाळा झाल्या आणि त्यांसाठी कृष्णवर्णीय समाजाने स्वतः सुमारे ४७ लाख डॉलर जमवले, जी रक्कम रोझेनवाल्ड यांच्या देणगीपेक्षाही अधिक होती. या शाळा इतक्या झपाट्याने पडू लागल्या की ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २००२ मध्ये त्यांना सर्वाधिक धोक्यातील स्थळांच्या यादीत घातले. पांढऱ्या लाकडी शाळा स्मरणरंजनासाठी जपल्या गेल्या आणि या उपेक्षित राहिल्या, हाही जतनाच्या इतिहासाचाच भाग आहे.

उत्तर ६ – माळरान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांत जे हाती आले, ते कळवतो.

दानपत्र सापडले आणि ‘जुनी नोंदवही’ यांची शंका खरी ठरली. शाळा बंद झाल्यास अर्धा एकर जमीन मूळ शेतात परत जाईल, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे इमारत आमची आणि जमीन शेजारच्या कुटुंबाची. सुदैवाने ते कुटुंब समंजस आहे. आजोबा स्वतः याच शाळेत शिकले. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करण्याची बोलणी आता वकिलामार्फत चालू आहेत. हे कळल्यावर हलवू पाहणारा गट थोडा थंडावला, कारण इमारत उचलायची, तर तिच्यामागे राहणाऱ्या खड्ड्याचे काय करायचे, हाही प्रश्न त्याच कुटुंबाला विचारावा लागणार होता.

खिडक्यांविषयीची सूचना वाचून मी संध्याकाळी विजेरी घेऊन गेलो. फळ्याकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडच्या भिंतीत तीन ठिकाणी विटांचा रंग किंचित गडद आहे आणि तेथील दर्जा करकरीत कडक आहेत. गिलावा आतून सलग दिसतो, म्हणून इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. इतिवृत्ताची वही अजून मिळालेली नाही, त्यामुळे त्या केव्हा बुजवल्या हे सांगता येत नाही. मात्र त्या पुन्हा उघडायच्या नाहीत, एवढे मंडळाने एकमताने ठरवले.

जमिनीवरची छिद्रे आम्ही तिघांनी गुडघ्यांवर बसून मोजली. पाच ओळी निघाल्या. सर्वांत पुढे मात्र छिद्रांची एक जोडी बाकीच्यांना आडवी आहे आणि ती फळ्यापासून जेमतेम चार फुटांवर आहे. बहुधा पाठ म्हणून दाखवण्याचा लांब बाक तेथेच असावा. तेथील फळी इतर सर्व फळ्यांपेक्षा अधिक झिजलेली आहे. घासयंत्र भाड्याने आणले होते, ते परत केले. धुराड्याच्या बुंध्यात दाभण बोटभर रुतले, म्हणून या शनिवारी आधी तेथे ताडपत्री बांधणार आहोत.